एक घळ, दोन चाव्या

ग्लेनिसनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, तो गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर मीठदाणी आणि दुसऱ्यावर जॅमची बरणी ठेवली, आणि मुद्दाम चुकीच्या जागी बोट टेकवलं.

"शनिवारी घळीत जाऊ म्हणते. कड्याच्या पायऱ्यांनी खाली, झऱ्याकडच्या वळणांच्या वाटेनं वर. चहाच्या वेळेला घरी."

खिडकीपाशी बसलेल्या कीथनं मान वळवली नाही. "जसं तुला बरं वाटेल."

हे वाक्य ग्लेनिसच्या डोक्यात गेलं होतं. कीथच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले. हृदय छान चालत होतं, कीथ तेवढा थांबला होता. सूप करू की अंडं? जसं तुला बरं वाटेल. पडदे बदलू? जसं तुला बरं वाटेल. लग्न झाल्यापासून प्रत्येक फाट्यावर तिच्याशी हुज्जत घालणारा हा माणूस. डॉक्टर म्हणाले होते, डोंगरसुद्धा चढू दे, बोलताना धाप लागली की थांबायचं एवढंच. पण त्याचे बूट व्हरांड्यात तसेच पडून होते. ग्लेनिसला त्याचा होकार नकोच होता. तिला एक खणखणीत नकार हवा होता.

"पायऱ्या ओल्या असतील म्हणा," ती नकाशाला म्हणाली. "शेवाळंही असेल. पण उतरेन मी भराभर."

खुर्ची करकरली.

"भराभर? मागच्या वेळी तू त्या कठड्याला अशी मिठी मारली होतीस की मला वाटलं, लग्न त्याच्याशीच झालंय तुझं."

"काहीतरीच! गुडघे तेव्हाही ठीकच होते."

"तुझे गुडघे उताराला कधीच ठीक नसतात, ग्लेन!" कीथ उठून टेबलापाशी आला होता. "वेडी आहेस का? उलटं करायचं. वळणांनी उतरायचं, पायऱ्या चढायच्या."

"आणि तुझ्या छातीचं काय? या डोंगरांची रीतच मेली उलटी. जीव दमला की मग चढ येतो. त्या पायऱ्या तू नाही चढायच्या."

"चढेन."

"नाही."

"मग तूही नाही उतरायच्या!"

त्यांची मुलगी टॅमसिन मोरीपाशी कपबशा पुसत होती. ती फडकं खांद्यावर टाकून वळली. "तुम्ही दोघं एकमेकांसाठी स्वतःचा जीव द्यायला निघालाय. त्यापेक्षा वळणांनी उतरा आणि तिथूनच परत या."

"त्याच वाटेनं परत?" दोघं एका सुरात म्हणाले. असली सूचना आपल्या पोटची मुलगी करते, याचं दुःख दोघांच्या चेहऱ्यावर सारखंच होतं.

कीथनं जॅमची बरणी उचलली. आता हा परत खुर्चीकडे जाणार, असं ग्लेनिसला वाटलं. पण त्यानं बरणी नकाशावर कड्याच्या टोकाला ठेवली आणि मीठदाणी झऱ्याच्या टोकाला.

"ही माझी गाडी. ही रेलीनची," तो म्हणाला. रेलीन म्हणजे शेजारीण. "मी पायऱ्यांनी उतरतो, तू वळणांनी उतर. मधे नेच्यांच्या झाडांपाशी भेटू, जेवू, चाव्या बदलू. मग तू पायऱ्या चढून माझी गाडी घे, मी वळणांनी चढून तिची घेतो. डोंगर भटकणाऱ्यांच्या क्लबात असताना निम्म्या सहली अशाच करायचो की आपण."

ग्लेनिसनं नकाशावरच्या दोन्ही वाटांवरून बोट फिरवलं. दोघांनाही आपापला सोपा उतार आणि आपापला सोसेल असा चढ. "म्हणजे इतक्या महिन्यांनी नवऱ्याबरोबर फिरायला जायचं, तेही उलट्या दिशेनं."

"नवीन काय त्यात?"

"एकट्यानं नाही जायचं, डॅड," टॅमसिन म्हणाली. "मी असेन तुझ्याबरोबर. आणि वाटभर बोलायचं. धाप लागली की मला लगेच कळेल."

"चालेल. ग्लेनबरोबर रेलीन जाईल. तिची बडबड ऐकून जळवासुद्धा पळतील."

"आणि तिची गाडी तू चालवणार? देईल ती?"

"केक दाखव तिला. देईल." त्यानं फडताळातून थर्मास काढून काखेत मारला. "चहा माझ्याकडे, केक तुझ्याकडे. कुणी अर्ध्यातून मागे फिरायचं नाही."

तो व्हरांड्यात गेला. बूट खांबावर आपटल्याचे दोन दणके आले आणि पाठोपाठ त्याचा आवाज: "ए कोळीबुवा, चार महिने बुटात राहिलात, आता दुसरं घर बघा!" मग जरा मोठ्यानं, "आणि ग्लेन! केकमध्ये मनुके नीट घाल. मागच्या वेळी शोधत बसावं लागलं होतं!"

तो केक खाताना त्यानं फक्त 'छान' म्हटलं होतं.

ग्लेनिसनं मनुक्यांची बरणी काढली आणि सगळीच्या सगळी भांड्यात उपडी केली.