गोळी विरघळेपर्यंत

"लघवीच्या कपावर नाव लिहा आणि एकेक जण आत चला," सेफ्टी ऑफिसर यतीन साहेबांनी सांगितलं. मग बाकावरच्या नविनकडे बघून म्हणाले, "पहिले तुम्ही."

नविनने तोंड न उघडता तळहात वर केला.

"साहेब, त्याचं मौन हाय," शेजारी बसलेला कामगार शुक्रा अदबीने म्हणाला. "चहाच्या आधी तो कुनाशी बोलत नाय. दुसरा घ्या."

तलासरीला हायवेलगतच्या या खुर्च्यांच्या कारखान्यात नविन फोर्कलिफ्ट चालवत असे. रोज सकाळी फाटकाजवळ तो डोळे मिटून गप्प बसे. कोणीतरी त्याला मौनव्रत म्हटलं आणि त्याने नाही म्हटलं नाही. तोंडात गोळी असताना म्हणणार तरी कसं? नंतर सांगता आलं असतं, पण मान कोणाला नकोसा होतो? दसऱ्याला यंत्रांच्या पूजेचा नारळ त्याच्याच हातून फुटू लागला. शुक्राने तर नव्या मोटारसायकलची पहिली चक्कर त्याला मारायला लावली.

खरं काय ते फक्त बायकोला, पुष्पाला ठाऊक होतं. ट्रकवर असताना धाब्यांवर नविनला अफूची चटक लागली होती. संसाराचं वाटोळं व्हायची वेळ आली तेव्हा पुष्पाने त्याला डहाणूला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ही गोळी दिली. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत गिळायची नाही, बोलायचं नाही. गोळीने तलफ मेली आणि उधवा गावातल्या घरात पुन्हा हसणं ऐकू यायला लागलं.

पण गेल्या आठवड्यात एका ड्रायव्हरने नशेत मालाची थप्पी पाडली. कोणी दगावलं नाही हेच नशीब. आता सगळ्यांची लघवी तपासायची, नशा सापडली की घरी, असं ठरलं. सुक्याबरोबर ओलंही जळणार, हे नविनने ओळखलं.

गोळी विरघळल्यावर तो रांगेत उभा राहिला. शुक्रा मागेच होता.

"काही औषध चालू आहे?" नर्स लतिकाताई प्रत्येकाला विचारत होत्या.

नाही म्हणावं तर कपात गोळी दिसणार आणि नोकरी जाणार. हो म्हणावं तर सगळे ऐकणार.

"ताई, अफू सुटावी म्हणून गोळी चालू हाय," तो म्हणाला. "तपासणीत ती निघंल. आधीच सांगतो."

रांगेतल्या माना त्याच्याकडे वळल्या.

"म्हंजे सकाळचं मौन?" शुक्राने विचारलं.

"गोळी असते जिभंखाली."

शुक्रा एक पाऊल मागे सरकला. नविनला नोकरी जाण्यापेक्षा त्या एका पावलाचीच जास्त भीती वाटली.

तपासणीत गोळी निघालीच. साहेबांनी फोर्कलिफ्टची चावी काढून घेतली आणि नविन हाताने खुर्च्या रचू लागला. कालपर्यंत पाया पडणारे "अफूवाला" म्हणून हसू लागले. जेवणाच्या सुट्टीत शुक्रा लांब जाऊन बसला.

लतिकाताई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. नविनला विचारून त्यांनी डहाणूला फोन लावला आणि साहेबांच्या हातात दिला.

"गोळी बंद करायला सांगू का त्याला?" साहेबांनी विचारलं.

"अजिबात नको," डॉक्टर म्हणाले. "तो नियमित तपासून घ्यायला येतो. त्याला झापड येत नाही, फोर्कलिफ्ट चालवायला माझी हरकत नाही. गोळी सोडली, तर काळजी करा."

साहेबांनी सगळ्यांदेखत नविनकडून फोर्कलिफ्ट चालवून घेतली आणि चावी परत दिली. "आधीच सांगायचं होतं," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर कामावर घेतला असता, साहेब?"



दसऱ्याला सकाळी फोर्कलिफ्टला झेंडूचा हार घातला. नारळ कोणी फोडायचा, हा विषयच कोणी काढेना. नविन आपला बाकावर बसला होता. साहेबांना घाई होती. त्यांनी नारळाला हात घातला, तेवढ्यात शुक्राने तो उचलून काखेत धरला.

"थांबा साहेब," तो म्हणाला. "नविनभाऊ गोळी घेतो हाय. विरघळू दे."

साहेब थांबले. बाकीचेही हार घातलेल्या फोर्कलिफ्टभोवती उभे राहिले. नविनचे डोळे भरून आले. शुक्राला काहीतरी म्हणावंसं त्याला फार वाटत होतं, पण अजून बोलता येत नव्हतं.