यंदा फ्रीज नको

मी कमळ, अंजूरची. तोंडानं फटकळ हाय, हे अख्ख्या आळीला ठाऊक, म्हणून लपवत न्हाय. आमच्या ह्यांचं नाव चांगदेव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आत्ता घेतेय. अंजूर ते भिवंडी रिक्षा चालवतात. माणूस सोन्यासारखा, पण घाईचा. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत ह्यांचं उत्तर तयार.

आमची निशा बारावी सायन्सला पास झाली, सीईटी दिली. आमच्या दोघांच्या घरांत कॉलेजची पायरी कुणी चढलेलं न्हाय, मंग कुणाला विचारणार? भिवंडीत सुकन्या मॅडमचा क्लास हाय. त्यांनी दर रविवारी पोरांबरोबर आई-बापांनापण बोलवायला सुरुवात केली. कुठले दाखले काढायचे, कॉलेजं कशी निवडायची, हॉस्टेलात पोरगी कशी राहते, सगळं समजावायच्या. मी फारशी गेले न्हाय, रविवारी वळ गावच्या गोडाऊनात माझी पॅकिंगची शिफ्ट असते. हे गेले, पण मागच्या बाकावर बसून पेंगले. मॅडम बोलायच्या, "पोरं तयार आहेत हो, पालकांचीच तयारी बाकी आहे." मला असा राग यायचा त्या बाईचा!

आन् लिस्ट लागली. निशाला कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं. कराड! आमच्या आळीतली पोरगी लग्न केल्याशिवाय एवढ्या लांब कधी गेलीच न्हाय. सकाळी तिनं बापाला विचारलं, "पप्पा, जाऊ ना?" हे बोलले, "बघू." बास, एवढंच. पोरगी एवढंसं तोंड करून मॅडमकडं निघाली. मी दारातून ओरडले, "मार्केटात जातेस तं फ्रीजचंपण विचारून ये. गणपतीच्या आधी ऑफर असतात!" फ्रीजसाठी मी ह्यांचा जीव खाते, ते घरात सगळ्यांना पाठ हाय.

दुपारी हे जेवायला आले. सुक्या बोंबलाचं कालवण वाढता वाढता मी कराडचा विषय काढला. हे खाली मान घालून बोलले, "जाऊ दे पोरीला. मी कोण अडवणारा? सकाळी 'बघू'च्या पुढं बोललो असतो, तं तिच्यासमोरच रडलो असतो." मला एवढं बरं वाटलं, की बोंबलाचे सगळे चांगले तुकडे ह्यांच्याच ताटात टाकले.

तेवढ्यात निशाचा फोन. मागं लूमचा खडखडाट, रिक्षांचे हॉर्न. ह्यांनी स्पीकर लावला.

"पप्पा, फ्रीज करू ना? आज पाचपर्यंतच हाय."

ह्यांनी माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. ह्यांना वाटलं, मीच पोरीला पढवून पाठवली. "न्हाय न्हाय," हे बोलले. "यंदा फ्रीज नको. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी? पप्पा, वर्ष जाईल माझं…"

"एक वरीस थांबल्यानं कुणी मरत न्हाय. ये घरी जेवायला."

फोन कट झाला. मंग मी पेटले. "दर वर्षी हेच! सकाळचं कालवण रात्री आंबतं, ते काय तुमची आई येऊन टाकते का?" हे बोलले, "आधी पोरगी कराडला जाऊ दे, मंग फ्रीज." मी बोलले, "पोरीच्या आड लपू नका!" भांडण असं रंगात आलं, आन् सुकन्या मॅडमचा फोन.

"चांगदेवदादा, इतके रविवार घसा फोडला मी, तरी पोरीला नाही म्हणालात? फ्रीज म्हणजे सीट पक्की करणं. आज पाचपर्यंत केली नाही, तर कराडची सीट दुसऱ्याला जाणार. निशा रडत उठून गेली, फोनही उचलत नाही."

"सीट?" हे बोलले. हातातला घास ताटात पडला.

अरे देवा, एवढ्या मेहनतीनं मिळवलेलं कॉलेज, आन् आम्ही फ्रीजवरून भांडतोय!

ह्यांनी खरकट्या हातानं रिक्षा काढली. मी गाऊनवर ओढणी टाकून मागं बसले. अंजूरफाट्याला कंटेनर आडवा. हे उतरून ड्रायव्हरवर ओरडले, "अरे भाई, हटा ना! मेरी बेटी का कॉलेज जा रहा है!" तो बिचारा घाबरून खरंच बाजूला झाला. मी सारखी निशाला फोन लावत होते, उचलेल तं शपथ. सीट गेली तं ही पोरगी जन्मभर बापाशी धड बोलायची न्हाय, एवढंच माझ्या डोक्यात.

मॅडमच्या क्लासखाली सायबर कॅफे हाय. तिथं पोरांची आन् आई-बापांची ही गर्दी! कोपऱ्यात आमची निशा, डोळे सुजलेले. आम्ही तिच्यापर्यंत पोचायच्या आधी सायबरवाले चाचाच बोलले, "इसका हो गया, भाई. सीट फ्रीज. लडकी रो भी रही थी, और बटन भी दबा रही थी."

मी दिसेल त्या स्टुलावर बसले.

निशा उभी राहिली. नजर थेट बापाच्या नजरेत. "पप्पा, तुम्ही नको बोललात. तरी मी केलं. आजपर्यंत तुमचा शब्द कधी मोडला न्हाय, आज मोडला. मारायचं तं मारा. पण मी कराडला याच वर्षी जाणार."

"अगं बाये, ते फ्रीजचं…" मी सांगायला गेले, तं ह्यांनी माझा हात दाबला. "थांब गं. मंग सांग. आधी मला बोलू दे."

हे तिच्याकडं बघतच राहिले. पोरीला असं उभं राहिलेलं आम्ही दोघांनी कधी बघितलं नव्हतं. मलासुद्धा वाटलं, ही माझ्याच पोटची का? मंग हे गर्दीकडं वळले. गालावरून पाणी वाहत होतं, तेपण पुसलं न्हाय.

"ओ मंडळी, हिकडं बघा!" अख्खं सायबर वळून बघायला लागलं. "ही निशा चांगदेव भोईर. इंजिनिअर होणार हाय. माझी पोरगी हाय, आन् बापाचंसुद्धा ऐकत न्हाय!"