पोवळेबाबाचे पाय

मे महिन्याच्या दुपारी लातुरात कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. पण त्या रविवारी पोवळेबाबाच्या बंगल्यापुढे, सार्वजनिक नळाला पाणी आल्यावर लागावी तशी रांग लागली होती. रांगेत कुठून कुठून आलेले आईबाप होते आणि प्रत्येकाच्या बाजूला डॉक्टर व्हायला निघालेलं एकेक लेकरू. पोराला कोणत्या क्लासला घालायचं, मुळात घालायचं का, हे आधी बाबाला विचारायचं असा नवा रिवाज शहरात पडला होता. डॉक्टर व्हायला जीवशास्त्र शिकावं लागतं, ही जुनी समजूत मागे पडली होती.

याच रांगेत चंद्रप्रभा मॅडम कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. कॉलेजात उभा जन्म प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली ही बाई असल्या दारात पाय ठेवणारी नव्हे. पण त्यांच्या माडीवर भाड्याने राहून क्लास करणारी उर्वी सकाळी रडवेल्या तोंडाने खाली आली होती. तिचे वडील हणमंतराव भोकरहून आले होते, ते तिला बाबाकडे घेऊन चालले होते. मॅडम म्हणाल्या, "चला, मीही येते."

आत थंडगार खोली, निळा उजेड आणि मोठी काचेची पेटी. पेटीत खारं पाणी, पाण्यात बुडबुड्यांची माळ, आणि मधल्या दगडावर हिरव्यागार केसांचं काहीतरी डुलत होतं. ते निळ्या उजेडात असं चमकत होतं की बायांचे हात आपोआप जोडले जात. शेजारी उंच गादीवर बाबा, अंगावर भगवी शाल, पायाखाली गालिचा.

"ह्यो दगुड न्हाई, मंगळाचा जित्ता अंश हाय!" बाबा गरजला. "लेकराचा मंगळ सरळ आसला तर फुलतोय, वाकडा आसला तर मिटतोय! भूकंपात भुई फाटली, तवा पाताळातला समुद्र वर आला अन् ह्यो माझ्या वंजळीत ठिवून गेला!"

मॅडमच्या मस्तकात तिडीक गेली. भूकंपानंतर कॉलेज उघडलं, तेव्हा त्यांच्या वर्गात डोकं भादरलेली पोरं बसली होती. त्यांना बेडकाचं हृदय शिकवताना मॅडमनी खडू खाली ठेवला होता. आणि हा माणूस त्याच भूकंपातून समुद्र काढून विकत होता.

उर्वीची पाळी आली. ती पेटीपुढे खाली बसली. बाबाने डोळे मिटले, ओठ हलवले, आणि बघता बघता तो हिरवा झुबका आक्रसला. दगडावर नुसतं जांभळं कातडं उरलं. लोक "अरारारा" करू लागले.

हणमंतरावांच्या बोटात पोवळ्याची अंगठी होती. पोवळं म्हणजे मंगळाचा खडा, एवढंच त्यांना आजवर ठाऊक. खडा जिवंत होऊन आपल्या लेकीला पाठ दाखवतो म्हटल्यावर त्यांनी बोटातली अंगठी कपाळाला लावली. बाबा हळहळला, "डॉक्टरकीचा योग न्हाई. घरी न्या, चांगलं स्थळ बघा." लगेच टाळ वाजू लागले आणि मिटलेला मंगळ शांत करायला लांबलचक आरती सुरू झाली.

"अहो, हे तर माझ्या घरी आहे!" मॅडम मोठ्याने म्हणाल्या. "ही समुद्रातली जनावरं आहेत. मऊ प्रवाळ. कुणाचं नशीब कळायला त्यांना साधा मेंदूसुद्धा नाही!"

हणमंतराव चिडले. "मंग दावा की घरी."

मॅडमनी बापलेकीला ऐटीत घरी आणलं. फॉर्मॅलिनच्या बरणीतलं मेलेलं प्रवाळ दाखवत त्यांनी नोकरी काढली होती, म्हणून निवृत्त झाल्यावर जिवंत पाळायची हौस भागवली होती. दगडी प्रवाळाला कायद्याचं संरक्षण, म्हणून हैदराबादच्या दुकानातून हे मऊ आणलेलं. शुद्ध केलेलं पाणी, त्यात मोजून समुद्री मीठ, वर निळा दिवा, लाटेसाठी छोटा पंप, आणि लातूरच्या उन्हात पाणी तापू नये म्हणून पेटीवर अष्टौप्रहर टेबलफॅन. मॅडमनी पडदा बाजूला केला.

त्यांचंही पोवळं मिटलेलं! चार दिवसांपासून रुसलंच होतं ते, रागाच्या भरात मॅडम विसरल्या होत्या.

"बघा," हणमंतराव खोल आवाजात म्हणाले, "तुमचं बी मिटलं. पोरीची सावली पडली की मिटून राहिलंय. येत्या ऐतवारी जीप घिऊन येतो, सामान बांधून ठेव उर्वे." आणि ते गेले. उर्वी जिन्यातच बसून रडली. मॅडमना स्वतःचा इतका राग आला की त्या रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघी पेटीसमोर बसल्या. मॅडमनी दिवा वर केला, पंप फिरवला, दगड हलवला. पोवळं ढिम्म. फॅनच्या वाऱ्याने पाणी बोटभर उतरलं होतं, म्हणून त्या नेहमीप्रमाणे मीठ कालवलेल्या पाण्याची बादली उचलून आणू लागल्या.

"मॅडम, ह्यात मीठ कशाला?" उर्वीने विचारलं.

"समुद्र आहे ना हा! खाऱ्यात खारंच भरायचं."

"पण आटतं ते पाणी, मीठ तर आतच राहतं. भाजीचा रस्सा आटला की आई परत मीठ घालते होय? नुसतं पाणी घालते."

मॅडमनी बादली खाली ठेवली. मग त्यांनी कपाटातून खारेपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी काढली. पहिल्या दिवशी मोजलं होतं, त्यानंतर विचार असा की समुद्र काय रोज बदलतो का. आता बघतात तर आतली रेघ कुठल्या कुठे! त्या पोट धरून हसल्या. "अगं, लोणचं घातलं मी त्याचं! आणि तू म्हणे डॉक्टर होणार नाहीस!"

रोज थोडं खारं पाणी काढायचं, थोडं गोडं घालायचं, एकदम नाही, नाहीतर जीव दचकतो. आठवडा सरता सरता पोवळ्याने आधी एक हिरवं बोट बाहेर काढलं, मग दहा, मग सगळं रान फुललं. उर्वी टाळ्या पिटत जिन्यावरून खालीवर पळाली.

मग दोघींनी ते मिटवायचा खेळ मांडला. समोर बसलं, मिटेना. दिवा मालवला, सावकाश मिटलं. पण नळीने बुडबुड्यांचा झोत थेट अंगावर सोडला मात्र, क्षणात जांभळं कातडं! आणि परत फुलायला मात्र बराच वेळ.

"म्हणून ती लांबलचक आरती, पुढच्या लेकरापर्यंत ते परत फुलावं म्हणून!" मॅडम ओरडल्या. "पण झोत सोडतो कोण? बाबाचे हात तर जोडलेले होते."

उर्वी विचारात पडली. "मी खाली बसले होते ना, माझ्यासमोर त्यांचे पायच होते. मंत्र म्हणताना त्यांची टाच गालिच्यात दबली होती."

रविवारी जीप दारात आली. हणमंतरावांनी ट्रंक स्वतः जीपमध्ये चढवली, मग फुललेलं पोवळं पाहिलं, त्यापुढे बसलेली लेक पाहिली, आणि गडबडले. तरी म्हणाले, "तुमचं पोवळं येगळं, बाबाचं येगळं."

"आप्पा, एकच करा," उर्वी म्हणाली. "जाताना बाबांच्या पाया पडून जाऊ. फक्त पाय धरले की सोडू नका, आणि जमिनीवरून वर उचलून धरा."

पाया पडण्यात कसलं आलंय पाप? हणमंतराव तयार झाले.

दरबार गच्च भरला होता. उर्वी पुन्हा पेटीपुढे बसली. बाबाने डोळे मिटले, तेवढ्यात हणमंतरावांनी लोटांगण घातलं आणि बाबाचे दोन्ही पाय कवटाळून छातीशी घेतले. शेतात काम केलेले हात ते!

"सोड, बाळा."

"न्हाई म्हाराज! लेकीचा योग आल्याबिगर सोडत न्हाई!"

"आरं सोड म्हंतो ना!" बाबा गादीवर उताणा होत चालला. इकडे पोवळं मजेत डुलत होतं. लोक पुढे सरसावले. "फुललंय की! पोरीला योग हाय की!"

मॅडमनी पुढे होऊन गालिचा उचलला. खाली जुन्या भोंग्याचा असतो तसा रबरी फुगा होता, आणि त्याची बारीक नळी पेटीतल्या दगडाच्या मागे गेलेली. पाण्यात आधीच बुडबुडे सोडलेले, त्यांत आणखी चार कुणाला दिसणार? हणमंतरावांनी पाय सोडले, लेकीला पेटीपुढून बाजूला केलं, फुग्याकडे टक लावून पाहिलं आणि दोन्ही हातांनी दाबला. पोवळं फटकन मिटलं.

"म्हाराज," ते सावकाश म्हणाले, "आता तर पेटीपुढं तुम्हीच हाव. तुमचा बी मंगळ वाकडा हाय की!"

हशा असा उसळला की बाहेरची रांगसुद्धा न कळता हसू लागली. बाबाने शाल सावरली आणि मागच्या दाराने जायला निघाला, पण तिथेही लोकच उभे होते. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. बाबा आधी हैदराबादेत माशांच्या पेट्या विकायचा, हे मग त्यानेच सांगितलं.

लोक मॅडमभोवती गोळा झाले. एक बाई पाया पडू लागल्या. मॅडम मागे सरल्या. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी या, आपल्या हाताने झोत सोडून बघा, मिटतंय का बघा, मग माना. जे पुन्हा पुन्हा करून दाखवता येतं ते खरं. जिथं विचारलं की राग येतो, तिथं गालिचा उचलून बघावा."

"पण मॅडम," एका बापाने मुलाला पुढे ढकललं, "आमच्या ह्याचं डॉक्टरकीचं कसं व्हईल?"

"मला काय विचारता? त्याला विचारलंय का कधी?"

बापाने पोराकडे पाहिलं. पोर जमिनीकडे बघत म्हणालं, "मला गणित आवडतं." बापाने ढकलणारा हात मागे घेतला. रांगेतल्या बऱ्याच आईबापांनी मग आपापल्या लेकरांकडे चोरून पाहिलं.

मॅडमच्या दारात जीप थांबली, पण हणमंतराव उतरेनात. शेवटी ते लेकीकडे वळले. "उर्वे, आजवर इचारलंच न्हाई बघ तुला. तुला काय व्हायचंय?"

"डॉक्टर."

"अभ्यास झेपतोय का?"

"रसायनशास्त्र जड जातंय. पण करते."

"बरं," म्हणाले, आणि ट्रंक खांद्यावर घेऊन माडीचा जिना चढू लागले.