तारखेची रिकामी जागा

कॉर्नेलिओंनी राजीनाम्यावर झोकात सही केली आणि तारखेच्या रेघेवर पेन टेकवलं.

"राहू दे, दादा," लिगाया झटकन म्हणाली. "तारीख कुणीच घातली नाहीये. मीसुद्धा."

नवे राष्ट्राध्यक्ष आले की वरच्या खुर्च्यांचे राजीनामे मागवायचे, ही मनिलातली जुनी रीत. शिष्टाचार म्हणून द्यायचे, शिष्टाचार म्हणूनच परत घ्यायचे. या खेपेला मात्र राष्ट्राध्यक्षांच्या महालाने खाणखात्यातल्या कायम नोकरांचेही मागवले. नोकरीत एकतीस वर्षं झालेल्या कॉर्नेलिओंना राष्ट्राध्यक्षसुद्धा काढू शकत नव्हते. स्वतःहून राजीनामा दिला तर गोष्ट वेगळी.

"तू मागतेस म्हणून देतोय हं," ते हसले. ती संचालक झाली तरी त्यांना 'तू'च होती. खाणीत उतरायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

महिन्याभराने, एका मंगळवारी, त्यांनी डोंगरावरच्या खाणीची परवानगी नाकारली. गाळाचा बांध चिरलेला, खाली शाळा. परवानगीच्या कामात त्यांचीच सही अंतिम, तिच्यावर कुणाची नाही.

गुरुवारी दुपारी महालातले उपसचिव आले. कॉफीत साखर ढवळत त्यांनी कॉर्नेलिओंचा राजीनामा टेबलावर ठेवला.

"मंजूर झालाय. तारीख तेवढी घाला, मॅडम."

"आजची?"

"अहो, आजची घालून काय उपयोग? सोमवारची घाला. सोमवारी नोकरी सोडलेल्या माणसाची मंगळवारची सही कोण विचारतो?"

लिगायाने कागद थोडा मागे सरकवला. "बांध खरंच चिरलाय हो. खाली पोरं आहेत."

"असतील ना. तुमच्याही राजीनाम्यावर तारीख नाही, नाही का?"

तिने पेन उचललं. हात मेला जराही थरथरला नाही, याचीच तिला लाज वाटली. सोमवारची तारीख घालून झाल्यावर तिने विचारलं, "माझा परत मिळेल ना?"

"कशाला? असू दे की आमच्याकडे."

तेवढ्यात दार ढकलून कॉर्नेलिओ आत आले. हातात केळीच्या पानावरचा गरम बिबिंगका, तांदळाचा केक, दर गुरुवारसारखा.

"पाहुणे होय? घ्या, घ्या, गार होईल." पहिला तुकडा त्यांनी उपसचिवांना दिला, दुसरा तिला. "काय गं, माझा तो कागद परत आला का? बायको रोज डोकं खाते."

"आला, दादा."

तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला. शाई अजून ओली होती. कॉर्नेलिओंनी बोटं रुमालाला पुसली आणि चष्म्यासाठी खिसा चाचपला.