खाटेपासून गाडीपर्यंत

शाळेची बस चालवण्यात काकांची सव्वीस वर्षं गेली होती. मुलं त्यांना काका म्हणत, मुलांच्या आयाही काकाच म्हणत. त्यातल्या काही आया लहानपणी त्यांच्याच बसमधून शाळेत गेल्या होत्या.

एका सकाळी वळणावर तेल सांडलेलं होतं. बस घसरली, अर्धी फिरली आणि दिव्याच्या खांबाला जाऊन भिडली. आत बावीस मुलं होती. एका मुलीचं मनगट मोडलं, बाकीच्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. चौकशीत काकांचा दोष नाही असं लिहून आलं. शाळेने महिनाभर रजा दिली. रजा संपली, पण काकांचे हात काही स्टीअरिंगवर जाईनात. पुढे तर नुसतं प्रवासी म्हणूनही कुठल्या गाडीत बसवेना. घाम फुटायचा, छातीत धडधडायचं. बाजार असो की दवाखाना, सगळं पायी.

डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. त्यांची जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायची. काका थांब्यावर गेले, समोरून पाच बस जाऊ दिल्या आणि घरी परतले.

"बाई भेटल्या नाहीत," त्यांनी बायकोला सांगितलं.

बायकोने मान डोलावली. आपल्या नवऱ्याला धड खोटंही बोलता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने त्यांना काही विचारलं नाही, सुनेच्या कानावर घातलं.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत तिने चौकशी केली आणि संध्याकाळी सासऱ्यांसमोर येऊन बसली. "बाबा, त्या बाई व्हिडिओवरही बोलतात. मंगळवारी अकराची वेळ घेतलीय."

"मन म्हणजे काय किराणा आहे, घरपोच मागवायला?"

"बाई घरी येतायत असं समजा. वर चहाही करावा लागणार नाही."

घर दोन खोल्यांचं. मधली भिंत अशी, की आतल्या खोलीत शिंकलं तर बाहेरच्या खोलीतून 'सर्दी झाली का' म्हणून विचारणा व्हावी. म्हणून मंगळवारी अकरा वाजले की बायको मटारची टोपली घेऊन जिन्यात जाऊन बसे. शेजारीण विचारायची, "बाहेर का बसलात?" "आत फार उकडतंय," ती सांगायची. थंडीचे दिवस होते.

पहिल्या दिवशी काकांनी फोन खाटेवर उताणा ठेवला आणि स्वतः बाजूला ताठ बसले.

"काका, पंखा छान आहे तुमचा," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही कुठे आहात?"

काका हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी आजवर कोणालाच न सांगितलेलं सांगितलं. बस खांबाला धडकली तेव्हा मागून एकही आवाज आला नाही. ना रडणं, ना ओरडणं. "मला वाटलं, सगळी गेली. मागे वळून बघायची हिंमत होईना. मग कोणीतरी रडलं, आणि बाई, ते रडणं ऐकून मला बरं वाटलं."

बाईंनी विचारलं, "किती वेळ होती ती शांतता?"

"असेल एक सेकंद."

"आणि तुम्ही तिच्यात किती दिवस राहताय?"

काकांनी मनात हिशेब केला. "चार महिने."

त्यानंतर ते खूप रडले. बाहेर कुठे असते तर तोंड पुसून, चार अनोळखी माणसांसमोरून वाट काढावी लागली असती. इथे त्यांनी मोरीत जाऊन तोंड धुतलं, जिन्यात बायकोशेजारी बसले आणि मटार सोलायला लागले. दाणे कमी आणि सालं जास्त टोपलीत पडत होती. ती सालं वेचून बाजूला काढत राहिली.

पुढे एकदा बाई म्हणाल्या, "खाली तुमच्या मुलाची गाडी असते ना? येत्या मंगळवारी मला तिथे घेऊन चला."

मुलगा कामावर कंपनीच्या गाडीने जाई, त्यामुळे त्याची गाडी दिवसभर उभीच असे. काकांनी फोन काचेला टेकवला आणि स्टीअरिंगसमोर बसले. दार उघडून किल्ली परत घरी ठेवून आले होते.

"काय दिसतंय?"

"लेकाने महिनाभर काच पुसलेली नाही." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "बाई, उतरू का?"

"उतरा की. दार तुमच्याच हाताशी आहे. फक्त आधी सांगा, पायाखाली काय लागतंय?"

"क्लच."

"अजून?"

"ब्रेक. पायपुसणं. वाळूची कचकच आहे थोडी."

धडधड चढत गेली, आणि दूध उतू जायच्या आत आच कमी करावी तशी हळूहळू खाली बसली. काका उतरले नाहीत.

मग किल्ली आली. मग चालू इंजिन. मग सून शेजारी बसून फाटकापर्यंत आणि परत. बाईंची अट एकच, गाडी हलली की फोन बंद. परत आल्यावर काय झालं ते सांगायचं. दोन महिन्यांनी काकांनी बायकोला तिच्या बहिणीकडे नेलं. वाटभर ती गप्प होती.

"इतकी गप्प का होतीस?" पोचल्यावर त्यांनी विचारलं.

"श्वास मोजत होते."

"माझे?"

"छे, माझे."

शाळेचं नवं वर्ष सुरू झालं तसे काका बसवर रुजू झाले, आधी फक्त सकाळच्या फेरीला. बाईंशी बोलणं महिन्यातून एकदा चालूच होतं. एका दुपारी बायको ओट्याशी उभी होती. म्हणाली, "आता तर सगळं मार्गी लागलं. अजून काय बोलता हो एवढं?"

इतक्या महिन्यांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. काका स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. त्या सकाळपासून सुरुवात केली आणि काही न वगळता सांगत गेले. तिने गॅस बंद केला आणि ऐकत राहिली.