घंटीवरचं सोनं

जरा सरकून जवळ बसा, मायबाप. चहा गरम आहे तोवर एक गोड गोष्ट सांगतो.

शेन्झेनच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात माझा प्लास्टिकच्या डब्यांचा गाळा आणि शेजारी छ्यूमावशीचा, बिनतारी मॉड्यूलांचा, म्हणजे तारेशिवाय इशारा पाठवणाऱ्या छोट्या तुकड्यांचा. तिच्याकडे देवापुढची उदबत्ती विझत नाही, आणि नेम असा की तीन पेले चहा झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही.

त्या सकाळी रुईचन आली, मागोमाग तिच्या कंपनीचे मालक फांगसाहेब. दोघांनी म्हाताऱ्यांसाठी गळ्यात घालायची घंटी केली होती. बटण दाबलं की लांब परिचारिकेच्या खोलीत वाजावी. दुपारी तीनला ती वृद्धाश्रमात दाखवायची होती. त्याच आश्रमात रुईचनचे वडील. गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले, तासभर हाका मारत राहिले, कुणाच्या कानी गेल्या नाहीत.

“मावशी, तुझ्या मॉड्यूलनं दगा दिला,” रुईचन म्हणाली. “उघडं होतं तेव्हा साठ पावलांवरून वाजायचं. काल डब्यात बसवलं, तर आज पाचावरूनही नाही. तो मोठा, ताकदीचा मॉड्यूल दे.”

“तो आठ दिवसांत बॅटरी खाईल. तुझे बाबा दर आठवड्याला चार्ज करतील?”

“त्यांना कपाळावरचा चष्मा सापडत नाही.”

“मग आधी चहा घे.”

“अहो मावशी, तीन वाजता...” फांगसाहेब चुळबुळले.

“फांग, घाई केलेली देवालाही चालत नाही. बस.”

तिसऱ्या पेल्यानंतर मावशीनं घंटी हातात घेतली. “ही सोनेरी कधी झाली?”

“काल,” फांगसाहेब फुलून म्हणाले. “सत्तरीच्या माणसाला दीर्घायुष्याची भेट द्यायची, ती काय राखाडी द्यायची? धातूची पूड घातलेला भारी रंग मारून घेतला.”

“रंगच तर आहे,” रुईचन म्हणाली. “खाली प्लास्टिकच.”

मावशीनं वीज वाहते का ते सांगणारा मीटर काढला आणि त्याची दोन टोकं रंगावर टेकवली. मीटर पीं करून वाजला.

“प्लास्टिक असं बोलतं का गं, पोरी?”

रुईचननं कपाळाला हात लावला.

“धातूतून तिची हाक बाहेर पडत नाही. बिचारीला सोन्याच्या पेटीत कोंडलंत,” मावशी म्हणाली, “आणि वर मुकी म्हणता.”

मी माझ्याकडचा त्याच मापाचा लाल डबा पुढे केला. रंग मारलेला नाही, प्लास्टिकच लाल.

“लालही शुभच की,” फांगसाहेब हळूच म्हणाले.

“सुचलं एकदाचं,” रुईचन म्हणाली.

तेच छोटं मॉड्यूल लाल डब्यात बसलं. रुईचन बटण दाबत गल्लीतून निघाली. स्क्रीनवाला, वायरवाली, थेट लिफ्टपर्यंत. इकडे गाळ्यावर ठेवलेला, परिचारिकेच्या खोलीतला वाजणारा भाग वाजला की “वाजली, वाजली” असा निरोप गाळ्यागाळ्यातून तिच्यापर्यंत पोचायचा. गिऱ्हाइकं सोडून माणसं हसत उभी होती.

तीनला आश्रमात रुईचनच्या वडिलांनी बटण दाबलं. परिचारिका धावत आली. “काय झालं, आजोबा?”

“काही नाही. येतेस का ते बघितलं.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी अकरा वेळा बघितलं. बाराव्यांदा ती संत्री घेऊनच आली. “आता बोलावलंत तर सोलायची तुम्ही.” ते सोलत बसले, आणि रुईचन दारात उभी राहून हसता हसता डोळे पुसत होती.

हाकेची वाट मोकळी करणं, मला वाटतं, हीसुद्धा पूजाच. म्हणून एवढं करा: कधी तुम्ही घंटी दाबाल आणि कुणी धावत येईल, तेव्हा आमच्या छ्यूमावशीची आठवण काढा.