पॅप, चॅप आणि काही नाही

बोअर मारायच्या गाडीच्या टपावर उभं राहून त्याने फोन आणखी वर धरला आणि स्पीकरवरच्या ताईला ओरडून विचारलं,

"आता कुठलं करू?"

रेंज फक्त टपावर यायची. खाली उतरलं की फोनचं नुसतं घड्याळ व्हायचं. बाकीची माणसं तुटलेला रॉड बदलून आणायला जीपने गेली होती, त्यांचे चांगले फोनही त्यांच्यासोबतच. मागे उरले होते तो, आचारी आणि आचाऱ्याचा बटणांचा फोन, ज्यात विजेरी सोडली तर बघण्यासारखं काही नव्हतं.

तिकडे दवाखान्यात आईचं ऑपरेशन अडलं होतं. मुलगा कामावर दगावलाय आणि सगळे आपल्यापासून लपवताहेत, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आधी त्याचं तोंड दाखवा, मग मला हात लावा, असं तिने डॉक्टरांना सांगून टाकलं. तो फोनवर बोलला, तर धुळीने बसलेला आवाज ऐकून ती ताईला म्हणाली, की नक्कल करणारा तरी बरा आणायचास. पोटातलं आतडं कुठल्याही क्षणी फुटेल म्हणून डॉक्टर दारात येऊन घड्याळ बघून जात होते.

जिवंत असल्याचा पुरावा म्हणून व्हिडिओ कॉल हवा होता. पण स्वस्त पडतं म्हणून त्याने जुन्या फोनात नवं प्रीपेड कार्ड टाकलं होतं. बोलणं व्हायचं, नेट काही चालत नव्हतं. ताईने मदत केंद्राला विचारून सेटिंग मिळवली, त्याने भरली. युजरनेम रिकामं. पासवर्ड रिकामा. राहिली एकच ओळ, ऑथेंटिकेशनची. तिथे 'काही नाही', 'पॅप' आणि 'चॅप' असे पर्याय होते.

"कुत्र्याची पिल्लं आहेत का?" खालून आचाऱ्याने विचारलं.

'काही नाही' करून झालं. पॅप झालं. चॅप झालं. मग पुन्हा 'काही नाही'. दर वेळी तो म्हणायचा, फोन ठेवून बघू का? आणि दर वेळी ताई म्हणायची, ठेवू नकोस, परत लागला नाही म्हणजे? शेवटी तिचाच धीर सुटला.

"मला नाही रे जमत," ती म्हणाली, आणि फोन कट झाला.

लगेच फोन थरथरला. मेसेजवर मेसेज पडू लागले. सगळ्यात वर आईने कधीतरी पाठवलेला गुलाब, त्याखाली शुभ सकाळ. तो बघेपर्यंत ताईचा फोन परत आला आणि नेटचे बाण विझले.

आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हा फोन एका वेळी एकच काम करायचा. बोलणं चालू असलं की नेट बंद. पॅप, चॅप बिचारे विनाकारण बदनाम झाले होते.

त्याने ताईचा फोन कापला. थोरल्या बहिणीचा फोन कापायची हिंमत घरात कुणाची नव्हती. तिने परत लावला. त्याने परत कापला, आणि बाण पेटताच व्हिडिओ लावला.

आई दिसली. एवढीशी झाली होती.

"आई, हा बघ मी."

ती बराच वेळ बघत राहिली. मग ताईकडे वळली.

"फोटो कधीचा आहे?"

"फोटो नाही गं. चित्र अडकलंय जरा."

"गेलेल्या माणसाचाच फोटो दाखवतात."

त्याने हात हलवला. मान हलवली. डोळे मोठे केले. तिकडे तो तसाच गोठलेला. आईने डोळे मिटून घेतले. मागून डॉक्टरांचा आवाज आला, ताई रडत कुणाची तरी विनवणी करत होती. तो रेंजच्या शोधात टपाच्या कडेला सरकला, फोन उंच धरला, दुसरा हात जिवाच्या आकांताने हलवला, आणि ग्रीस सांडलेल्या पत्र्यावरून त्याचा पाय घसरला.

चित्र नेमकं तेव्हाच सुटलं. आभाळ, स्वतःचेच दोन पाय, आचाऱ्याचं पातेलं, माती.

पलीकडून आईचा वैतागलेला आवाज आला.

"तोच आहे. एवढा घोडा झाला, पण धड उभं राहता येत नाही. चला, न्या मला."

एरवी खाली न येणारी रेंज या वेळी कशीबशी टिकून होती. पडद्यावर छतावरचे दिवे सरकू लागले. आचारी पळत आला, अंगाखाली दुमडलेला त्याचा हात बघून त्याने तोंड उघडलं. याने मान हलवून त्याला गप्प केलं आणि शर्टाची कॉलर दातांत घट्ट धरली.

"लागलं का रे?" आईने विचारलं.

त्याने कॉलर सोडली. चांगल्या हाताने फोन इतका जवळ घेतला, की पडद्यात फक्त चेहरा मावला.

"छे. मऊ जमीन आहे."

आणि पलीकडचं दार मिटेपर्यंत तो चेहरा तसाच धरून राहिला.